परदेशी सत्राचा कार्यक्रम दहावरून शंभरावर नेताना

विद्यापीठातून वर्षाला दहा मुलं एका सत्रासाठी परदेशी जातात, तोवर सगळा कारभार एका माणसाच्या डोक्यात मावतो. कोणाचा पासपोर्ट अडकलाय, कोणाच्या घरी फोन करायचा राहिलाय, कुठल्या प्राध्यापकांची सही बाकी आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. मुलं चाळीस झाली की ते डोकं पुरत नाही. आणि गडबड विमानतळावर किंवा वकिलातीत दिसत नाही, ती दिसते सहा महिन्यांनी, परीक्षा विभागाच्या खिडकीपाशी. मुलगी परदेशी विद्यापीठाची गुणपत्रिका हातात घेऊन उभी असते आणि इथल्या निकालावर त्या सत्राच्या पाचही विषयांपुढे 'अनुपस्थित' छापलेलं असतं.

हे मार्गदर्शन आहे ते इंटरनॅशनल सेलचा किंवा आंतरराष्ट्रीय संबंध कक्षाचा कारभार नुकताच अंगावर आलेल्यांसाठी. बहुतेक ठिकाणी हा 'अतिरिक्त कार्यभार' असतो आणि आदेशात "कार्यक्रमाची व्याप्ती वाढवावी" एवढं एकच वाक्य असतं. व्याप्ती वाढवायची तर आधी मुलांची परतीची वाट बांधायची, मग जागा वाढवायच्या, आणि जाहिरात सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने गेलात तर दुसऱ्याच वर्षी पालक कुलसचिवांच्या दारात असतील.

कुठल्या प्रकाराबद्दल बोलतोय, ते आधी ठरवा

'परदेशी शिक्षण' या एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी चालतात आणि बैठकीत त्यांची सर्रास सरमिसळ होते. पहिली अदलाबदल, म्हणजे एक्स्चेंज: आपला विद्यार्थी तिकडे, त्यांचा इकडे, आणि प्रत्येक जण आपापल्या घरच्या संस्थेतच फी भरतो. दुसरा प्रकार फी भरून एक सत्र. यात यजमान विद्यापीठाची फी लागते आणि जागांची मर्यादा सैल असते. तिसरा, प्राध्यापकांसोबत दोन ते चार आठवड्यांचा अभ्यासदौरा किंवा समर स्कूल. चौथा प्रकार ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल, म्हणजे दोन संस्थांनी मिळून चालवायच्या पदव्यांचा.

चौथ्याला यूजीसीचे २०२२चे विनियम लागू होतात. ट्विनिंगमध्ये परदेशी संस्थेकडून मिळवलेली क्रेडिट एकूण क्रेडिटच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत आणि पदवी भारतीय संस्थाच देते. जॉइंट पदवीत दोन्ही संस्थांकडून किमान ३० टक्के क्रेडिट हवीत. ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना हे विनियम मुळात लागूच नाहीत. नवख्या कक्षाने या प्रकाराला पहिली दोन वर्षं हात लावू नये, त्याची कागदपत्रं हा वेगळाच संसार आहे. खालचं सगळं मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांबद्दल आहे.

कपाटातल्या करारांची मोजदाद

एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, हा आपल्याकडे फोटोचा कार्यक्रम असतो. शाल, श्रीफळ, दोन निळ्या फाइली, मागे बॅनर. कार्यभार घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात या सगळ्या फाइली काढा आणि प्रत्येकीत एकच गोष्ट शोधा: जागांचा आकडा. "दोन्ही संस्था परस्पर सहकार्य वाढवतील" एवढंच लिहिलेल्या कागदावर एकही मूल जात नाही. मूल जातं ते विद्यार्थी-अदलाबदलीच्या स्वतंत्र करारावर. त्यात वर्षाला किती जागा, कुठल्या विद्याशाखा, पदवी की पदव्युत्तर, फी माफ आहे का, भाषेची अट काय, मुदत कधी संपते आणि रद्द करायला किती महिन्यांची सूचना द्यावी लागते, हे लिहिलेलं असतं.

एका स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक कराराची एक ओळ करा. वरच्या बाबींसोबत आणखी तीन रकाने घाला: गेल्या तीन वर्षांत किती मुलं गेली, किती आली, आणि तिकडच्या ज्या माणसाशी पत्रव्यवहार होतो तो अजून त्याच पदावर आहे का. तिसरा रकाना क्षुल्लक वाटतो; पण निम्मे करार झोपतात ते तिकडचा संपर्क बदलला आणि इकडे कोणाला पत्ताच लागला नाही म्हणून.

ही यादी झाली की बहुधा असं दिसतं की पंचवीस करारांपैकी सहा-सातच जिवंत आहेत आणि त्यांतल्याही निम्म्या जागा रिकाम्या जातात. तेव्हा सव्विसावा करार करू नका. आहेत त्या सातांच्या जागा भरा. नवा करार रुळायला पहिलं मूल परत येईपर्यंतचा काळ जातो, तो दोन वर्षांहून कमी क्वचितच असतो.

क्रेडिट: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

आधी अधिकार कोणाचा ते बघा. संलग्न महाविद्यालय स्वतःच्या बळावर परदेशी क्रेडिट निकालावर घेऊ शकत नाही. परीक्षा विद्यापीठाची आहे, तेव्हा मान्यताही विद्यापीठाचीच हवी. स्वायत्त महाविद्यालयाला स्वतःचं अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद असते, तिथे ठराव करता येतो. पण पदवी विद्यापीठ देतं, म्हणून ठरावाची प्रत परीक्षा विभागाकडे वेळेत पोचलेली असावी. प्रत्येक मुलासाठी वेगळी नोटशीट फिरवण्याची पद्धत दहा मुलांपर्यंत निभते. त्यापुढे एकच सर्वसाधारण नियमावली हवी: मान्यताप्राप्त करारान्वये परदेशी घालवलेलं सत्र हे इथलं सत्र पूर्ण केल्यासारखं धरलं जाईल, हजेरीची अट शिथिल राहील, आणि समकक्षता अमुक समिती ठरवेल. विद्या परिषद वर्षातून मोजक्याच वेळा बसते. तिच्या तारखा आधी विचारून घ्या.

मग येतं रूपांतर. युरोपात ईसीटीएस, म्हणजे तिथली सामायिक क्रेडिट पद्धत, चालते: पूर्ण वर्षाला ६०, सत्राला ३० क्रेडिट. आपल्याकडे राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार वर्षाला ४०, सत्राला २०. म्हणजे आपलं एक क्रेडिट बरोबर दीड ईसीटीएस. ब्रिटनमध्ये वर्षाला १२०, त्यांची दोन म्हणजे एक ईसीटीएस. अमेरिकेत सत्राला साधारण १५. सूत्र एकच: तिथला पूर्ण सत्राचा भार बरोबर इथला पूर्ण सत्राचा भार. तासांच्या गणितात शिरू नका. एका ईसीटीएसमध्ये २५ ते ३० तासांचं काम धरतात, पण त्यात घरी केलेला अभ्यासही येतो; आपले प्राध्यापक फक्त वर्गातले तास मोजतात आणि मग "त्यांचा कोर्स आपल्या निम्माच आहे" असा शेरा मारून फाइल परत पाठवतात.

अमेरिकेत आणखी एक कुंपण आहे. व्हिसाच्या नियमाने पदवीच्या विद्यार्थ्याला पूर्णवेळ नोंदणी ठेवावी लागते, ती बहुतेक ठिकाणी १२ क्रेडिट. अवघड वाटला म्हणून सत्राच्या मध्यात एक विषय सोडला आणि आकडा ११वर आला, की प्रश्न निकालाचा राहत नाही, व्हिसाचा होतो. जायच्या आधी हे प्रत्येकाला तोंडी सांगा आणि लेखीही द्या.

विषय जुळवताना शब्दाला शब्द बघू नका. यांत्रिकी अभियांत्रिकीतलं उदाहरण घ्या. इथे 'हीट ट्रान्स्फर' ४ क्रेडिटचा, तिथे त्याच नावाचा ६ ईसीटीएसचा. चार गुणिले दीड म्हणजे सहा, भार जुळला. मजकूर ताडून पाहिला तर तिथे बॉयलिंग आणि कंडेन्सेशन थोडक्यात आहे, संगणकीय पद्धती जास्त आहेत. साधारण सत्तर टक्के मजकूर जुळला तर समकक्ष धरायचं, ही रेघ व्यवहारात चांगली चालते. शंभर टक्के मागणारा विभागप्रमुख एकाही मुलाला जाऊ देणार नाही. आणि सगळंच जुळत असेल तर मुलाने तिकडे जावं तरी कशाला?

मुलं मोठ्या संख्येने पाठवायची तर याहून सोपा मार्ग आहे: अभ्यासक्रमात एक मोकळं सत्र ठेवा. ऐच्छिक विषय, ओपन इलेक्टिव्ह आणि प्रकल्प ज्या सत्रात जास्तीत जास्त येतात ते सत्र परदेशासाठी राखायचं. युरोपात याला मोबिलिटी विंडो म्हणतात. अनिवार्य विषय एक-दोनच उरले की जुळवाजुळवीचं काम तेवढंच उरतं. अभ्यासक्रमाची पुढची फेररचना कधी आहे ते शोधून काढा आणि त्या बैठकीत जाऊन बसा. तिथला एक तास पुढच्या पन्नास नोटशीट वाचवतो.

एकदा मान्य झालेली जोडी समकक्षतेच्या वहीत लिहा: यजमान विद्यापीठ, त्यांच्या विषयाचा क्रमांक, आपला विषय, दोन्हीकडची क्रेडिट, मान्यतेची तारीख, आणि तीन वर्षांनंतरची फेरतपासणीची तारीख. पुढच्या वर्षी त्याच विद्यापीठात जाणाऱ्या मुलासाठी विभागप्रमुखांची परवानगी नव्याने मागायची नाही. ही वही नसेल तर दहा मुलांना जितकं काम, तितकंच दरडोई काम शंभरांना लागतं, आणि मग वाढ बसली.

गुणांचं रूपांतर हा भांडणाचा विषय. जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. तिथे परदेशी गुण वळवायला सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. दहाच्या श्रेणीत ४ला पास असेल आणि मुलाला ८.२ असतील, तर १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, उत्तर १.९. हेच उलटं फिरवलं की जर्मनीतले २.३ आपल्याकडे ७.४ होतात. सूत्र फक्त जर्मन श्रेणीसाठी ठेवा. फ्रान्समध्ये गुण २०पैकी असतात, १०ला पास, आणि १४ म्हणजे चांगली कामगिरी. तिथे सरळ टक्केवारी काढली तर चांगल्या मुलाला ७० टक्के पडतात आणि त्याचा सीजीपीए घसरतो. अशा ठिकाणी यजमान विद्यापीठाकडून गुणवाटपाचा तक्ता मागवा, म्हणजे वर्गातल्या किती टक्के मुलांना किती गुण मिळतात हे कळतं, आणि त्यावरून श्रेणी लावा. तेही जमत नसेल तर क्रेडिट घ्या, गुण सीजीपीएत धरू नका. काहीही ठरवा, पण मूल जायच्या आधी ठरवा. निकाल आल्यावर ठरवलेलं सूत्र कोणालातरी अन्यायच वाटतं.

शेवटी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. मूल तिथे कुठले विषय घेणार आणि ते इथे कशाच्या बदल्यात धरले जाणार, याचा हा लेखी करार. तीन सह्या: विद्यार्थी, आपला विभाग, यजमान विभाग. त्यात मुख्य विषयांखेरीज दोन पर्यायी विषय आधीच मंजूर करून ठेवा, कारण तिथे पोचल्यावर वेळापत्रक आदळतं, वर्ग भरलेले असतात किंवा ज्या विषयावर भिस्त ठेवली तो जर्मन भाषेत शिकवला जातो. बदल करायला पहिले चार-पाच आठवडे द्या. त्यानंतरचे बदल ईमेलवर आले तरी मान्य करू नका. आणि निकालानंतर किती आठवड्यांत गुणपत्रिका पाठवायची, हे यजमान संस्थेबरोबरच्या करारात लिहून घ्या. पाच आठवडे मागितले तर वावगं नाही.

वेळापत्रकं जुळत नाहीत, हे गृहीत धरा

आपलं विषम सत्र जून-जुलैत सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरला संपतं. अमेरिकेतलं फॉल सत्र ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं आणि डिसेंबरच्या मध्यावर संपतं. हे जवळपास बेमालूम बसतं. जर्मनीतल्या हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, वर परीक्षा. तोवर इथलं सम सत्र महिना-दीड महिना पुढे गेलेलं असतं. त्यांचं उन्हाळी सत्र घ्यावं, तर एप्रिल ते जुलै दोन्हीकडे आदळतं.

यावर तीनच उपाय आहेत. पुढच्या सत्राच्या हजेरीत सवलत आणि चाचण्या नंतर घेण्याची सोय. यजमान विद्यापीठाकडून आधी परीक्षा घेण्याची लेखी हमी. किंवा अशा ठिकाणी पदव्युत्तर शेवटच्या वर्षाचे, प्रबंधावर काम करणारे विद्यार्थीच पाठवणं. तिसरा उपाय सगळ्यात कमी कटकटीचा. अभियांत्रिकीत प्लेसमेंटचंही बघा: कंपन्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला येऊ लागतात, म्हणून सातव्या सत्रात जायला मुलं तयार होत नाहीत, आणि झाली तर ऑक्टोबरात परदेशातून रडकुंडीचे फोन येतात.

जागांचा ताळेबंद

अदलाबदल म्हणजे उधारीचं खातं. एक मूल एका सत्रासाठी गेलं की एक एकक देणं, आलं की एक एकक जमा. वर्षभरासाठी गेलं तर दोन. आपल्याकडून जाणारी जास्त, येणारी कमी, हे जवळजवळ ठरलेलं. सहा पाठवून दोनच आले, खातं चारने तुटीत. तिकडचं कार्यालय हे दर वर्षी मोजतं आणि एके दिवशी ईमेल येतो: "पुढच्या वर्षी तुमच्याकडून फक्त एक." ज्या वर्षी तुम्ही जाहिरात केली नेमकं त्याच वर्षी तो येतो.

तूट भरायचे मार्ग कराराच्या नूतनीकरणातच घाला. त्यांची चार मुलं आपल्याकडच्या तीन आठवड्यांच्या कार्यक्रमाला आली की एक एकक फिटलं, असं लिहून घेता येतं. युरोपातल्या मुलाला पुण्यात पूर्ण सत्र काढणं अवघड वाटतं; तीन आठवड्यांत गावातल्या सहकारी संस्था, पाणलोटाचं काम, वारसावास्तू असं काही अभ्यासायला ती येतात. तूट वाढतच असेल तर काही जागा फी भरून, सवलतीच्या दराने, अशा वेगळ्या ओळीत टाका.

येणाऱ्या मुलांची इथली कामं विसरू नका. परदेशी पाहुणा वसतिगृहात उतरला की २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असेल तर १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या सरकारी नोंदणी कार्यालयात, नोंदणी. वॉर्डनला हे माहीत नसतं. त्याला एक पानभर सूचना आणि एक फोन नंबर द्या.

निवड

दहा मुलांत निवड म्हणजे विचारपूस होती. ऐंशी अर्ज आणि तीस जागा झाल्या की ती स्पर्धा होते, आणि स्पर्धेला लेखी निकष लागतात. सीजीपीएची किमान रेघ, अर्जाच्या दिवशी एकही बॅकलॉग नको, भाषेचा दाखला, वैध पासपोर्ट. एटीकेटी घेऊन मूल गेलं की राहिलेल्या विषयाची परीक्षा इथे आणि ते तिथे, असा पेच हमखास पडतो. मुलाखतीला गुण ठेवा पण थोडे, आणि मुलाखतीत "तुला परदेशी का जायचंय" हा प्रश्न विचारू नका, उत्तर सगळ्यांचं पाठ असतं. "हा विषय तिथे मिळाला नाही तर काय घेशील?" असं विचारा. यजमान विद्यापीठाची विषययादी उघडून पाहिलेलं मूल लगेच ओळखू येतं. प्रतीक्षायादी जाहीर करा. घरचा खर्चाचा आकडा कळल्यावर काही जण माघार घेतातच.

मागून पुढे येणारं वेळापत्रक

सप्टेंबरला निघायचं असेल तर तारखा उलट्या मोजा. बहुतेक परदेशी विद्यापीठं शरद सत्रासाठी नॉमिनेशन मार्च ते मेच्या दरम्यान बंद करतात. म्हणजे आपली निवड फेब्रुवारीत संपलेली हवी, जाहिरात डिसेंबरात, आणि पासपोर्ट काढा ही सूचना त्याआधीच्या ऑगस्टात. नॉमिनेशन म्हणजे प्रवेश नव्हे हे मुलांना समजावून सांगा: आपण नाव पाठवतो, मग मूल स्वतः अर्ज भरतं, मग प्रवेशपत्र येतं, आणि त्यानंतर व्हिसा.

व्हिसा देशागणिक वेगळा. शेंगेन देशांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर राष्ट्रीय, म्हणजे डी प्रकारचा व्हिसा. अमेरिकेत अदलाबदलीची मुलं बहुधा जे-१ या अदलाबदल व्हिसावर जातात. त्यासाठी यजमान विद्यापीठ डीएस-२०१९ हे पात्रतेचं प्रमाणपत्र पाठवतं आणि मुलाकडून सेव्हिस या विद्यार्थी-नोंद यंत्रणेचे २२० डॉलर भरले जातात. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यास स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर चालतो. जपानला आधी यजमान विद्यापीठामार्फत पात्रतेचं प्रमाणपत्र येतं, मग इथे व्हिसा.

शंभर मुलांत दोन-चार व्हिसा अडकणार हे धरून चाला. २०२५च्या मे महिन्याच्या शेवटी अमेरिकेने विद्यार्थी आणि अदलाबदल व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं काही आठवडे थांबवलं, आणि पुन्हा सुरू केलं तेव्हा समाजमाध्यमांची खाती सार्वजनिक ठेवण्याची अट आली. अशा वेळी मुलाचं इथलं सत्र वाया जाऊ नये म्हणून परतीची तारीख ठरवा: अमुक तारखेपर्यंत व्हिसा नाही आला तर मूल इथल्या वर्गात, पूर्ण हजेरीसकट. जायच्या मुलांचं नाव इथल्या सत्राच्या पटावरून आधीच काढू नका.

पैसे

'फी माफ' हा शब्द पालक 'फुकट' असा ऐकतात. म्हणून माहितीसभेत पहिला कागद खर्चाचा वाटा. जर्मनीचं उदाहरण: सप्टेंबर २०२४पासून व्हिसासाठी लागणाऱ्या ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम महिना ९९२ युरो धरली जाते, वर्षाला ११,९०४. पाच महिन्यांना ४,९६० युरो होतात, आणि ते आधी भरून ठेवावे लागतात. दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते. शिवाय विद्यार्थी संघटनेची सत्रवर्गणी, आरोग्यविमा, खोलीची अनामत, तिकीट, व्हिसा शुल्क. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क आहे, ते अदलाबदलीच्या मुलांना लागत नाही. पण मूल चुकून नियमित प्रवेशाच्या अर्जातून गेलं तर मागणीपत्र येतं.

पैसे पाठवताना बँक टीसीएसबद्दल, म्हणजे ती जागीच वसूल करते त्या कराबद्दल, विचारते. १ एप्रिल २०२५पासून आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंतच्या रकमेवर तो लागत नाही, एका सत्राच्या खर्चात बहुतेक घरं त्या आकड्याच्या आतच राहतात. शिष्यवृत्तीबद्दल खोटी आशा लावू नका. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या राज्य योजना परदेशातल्या पूर्ण पदवीसाठी आहेत, एका सत्रासाठी नाहीत. इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या योजनेचं अनुदान असलेल्या जागा वेगळ्या. तिथेही तिकीट आणि पहिल्या महिन्याचं भाडं घरूनच न्यावं लागेल असं धरून चाला.

रात्री अडीचला फोन वाजतो तेव्हा

मुलं दहा असताना तो तुमच्या खिशातला फोन असतो. शंभरांना एक वेगळा नंबर लागतो, आणि तो आठवड्याच्या पाळीने हातोहात फिरतो. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास मागे. न्यूयॉर्क साडेनऊ किंवा साडेदहा. तिथल्या संध्याकाळच्या अपघाताची बातमी इथे पहाटे येते.

फोनशेजारी ठेवायची यादी प्रत्येक मुलामागे एका ओळीची असावी: तिथला पत्ता, खोलीचा जोडीदार, पालकांचे दोन नंबर, विम्याचा पॉलिसी क्रमांक आणि दाव्याचा फोन, यजमान विद्यापीठाचा रात्रीचा नंबर, जवळचा भारतीय दूतावास, अ‍ॅलर्जी आणि चालू औषधं. पोचल्यावर आठवड्याभरात परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर नोंदणी झाली का, तेही त्यात टिपा. २०२०च्या टाळेबंदीत आणि २०२२ला युक्रेनमध्ये ज्यांच्याकडे अशी यादी होती त्यांना मुलं शोधावी लागली नाहीत.

विमा नुसता 'आहे' म्हणून चालत नाही. अमेरिकेच्या जे-१साठी किमान मर्यादा नियमातच आहेत: दर आजार किंवा अपघातामागे एक लाख डॉलर, वैद्यकीय स्थलांतराला ५० हजार, पार्थिव परत आणण्याला २५ हजार, आणि स्वतः भरायचा हिस्सा ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. स्वस्तातली पॉलिसी घेतलेली मुलं इथेच अडकतात. मानसिक आरोग्याचा खर्च कव्हर होतो का हे स्वतंत्रपणे विचारा. नोव्हेंबरात, दिवाळी उलटल्यावर आणि चार वाजता अंधार पडू लागल्यावर, हे फोन वाढतात. दर पंधरवड्याला एक छोटा फॉर्म पाठवा: जेवण, झोप, वर्ग, पैसे. दोनदा उत्तर आलं नाही की फोन करा.

पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होणारच, तो थांबवता येत नाही. पण कार्यालयीन निरोप त्यावर द्यायचा नाही.

माणसं आणि फाइली

ठोकताळा असा: वीस मुलांपर्यंत अर्धवेळ एक माणूस, पन्नासपर्यंत एक पूर्णवेळ, शंभराला दोन पूर्णवेळ आणि प्रत्येक विभागात सहीचा अधिकार असलेला एक समन्वयक. समन्वयक नसेल तर लर्निंग अ‍ॅग्रीमेंटच्या सह्यांसाठी तुमचा शिपाई दिवसभर इमारती चढत राहतो. सॉफ्टवेअरची घाई नको. स्प्रेडशीट शंभरापर्यंत पुरते, फक्त ती एकच असावी आणि तिला एकच मालक असावा. पत्रव्यवहार व्यक्तीच्या नव्हे, कक्षाच्या ईमेलवरून करा. तुमचा कार्यभार बदलला की मागे तेवढंच उरतं.

कोणत्या वर्षी किती वाढायचं, हेही ठरवून घ्या. परीक्षा विभाग एका सत्रात किती परदेशी गुणपत्रिका वेळेत निकालावर चढवू शकतो, तो आकडा विचारा. चाळीस म्हणाले, तर त्या वर्षी चाळीस. व्यवस्थापनाला साठ हवे असतील तर आधी तिथे एक माणूस द्यायला सांगा.

परत आल्यावर

मूल परतल्यावर पंधरा दिवसांत चार गोष्टी घ्या: गुणपत्रिका मागवल्याचा पुरावा, उपस्थितीचं प्रमाणपत्र, विषयांच्या बदलाचे मंजूर कागद, आणि पुढच्या मुलांसाठी दोन पानं: खोली कुठे शोधायची, कुठला प्राध्यापक इंग्रजीत शिकवतो, शाकाहारी जेवण कुठे मिळतं, पहिल्या महिन्यात नेमके किती पैसे लागले. चौथा कागद मागायला संकोच करू नका, पुढच्या वर्षीची माहितीसभा त्यावरच चालते.

गुणपत्रिका आली की समकक्षतेच्या वहीशी ताडून परीक्षा विभागाकडे पाठवा आणि पोच घ्या. सुधारित निकालावर त्या सत्राची २० क्रेडिट छापून येईपर्यंत मुलाची ओळ स्प्रेडशीटमध्ये लाल ठेवा. निकालाची प्रत फाइलला लागली की मगच हिरवी करा.